शिंगवाला मासा आणि सात गाठींचा दोर

एकदा काय झालं, एका नदीच्या वळणावर भोयांची एक वाडी होती. घरं वीसच. पण प्रत्येकाच्या दारात होडी. आणि घाटाच्या पायरीवर एक दगडी मासा. म्हशीएवढा मोठा, बरं का! त्याच्या कपाळावर एक शिंग होतं.

वाडीतल्या पोरासोरांना ठाऊक असलेली एक गोष्ट होती. फार फार पूर्वी सगळी पृथ्वी बुडाली. मग एक शिंगवाला मासा आला. एका पुण्यवान राजाने आपली होडी त्याच्या शिंगाला बांधली आणि होडीतले सगळे तरले. तोच हा मासा, असं वाडी मानायची. म्हणून दर श्रावणात बाया मिळून अंबाडीचा नवा दोर वळायच्या. तीन पदरी. त्या दोराने बादली ओढायची नाही, गाय बांधायची नाही. मोठं पाणी आलं की वाडीची मोठी होडी त्या दोराने शिंगाला बांधायची, सात गाठी घालून. होडीत लोखंड न्यायचं नाही. गाठीला माणसाने हात लावायचा नाही. मासाच उठेल आणि ओढून नेईल.

त्या वाडीत लिंबा राहायचा आणि त्याची थोरली बहीण गोजरा. आई लवकर गेली, मग गोजरानेच त्याला वाढवलं. तिच्यासारखा दोर कुणाला वळता यायचा नाही. हत्ती बांधा, तुटायचा नाही. आणि लिंबा? लिंबा म्हणजे डोक्यात राख घालणारा. गुरुजींनी थोबाडीत मारली म्हणून दुसरीतच शाळा सोडून पळालेला. पण होडीतलं त्याला कळायचं.

एकदा तो देवळाच्या गुरवाला म्हणाला, "कुशाबा, दगडाला पोहता येतं का हो?"

"दुसरी नापास, आणि मला शिकवतोस?" कुशाबा म्हणाला.

"नापास नाही, पळालोय."

सगळे हसले. गोजराने त्याला कोपर मारलं. "गप रे. देवाची चेष्टा करू नये."

मग पाऊस लागला. पहिल्या दिवशी पाणी माशाच्या शेपटीला टेकलं. कुशाबाने हळदकुंकू वाहिलं, पाणी थांबलं. लोक म्हणाले, पावला! दुसऱ्या दिवशी पाणी पोटाला आलं. नारळ फोडला, पाणी चार बोटं उतरलं. लोक म्हणाले, बघा! तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी माशाच्या गळ्याशी आलं. मग सगळी वाडी मोठ्या होडीत बसली. म्हातारी, बाया, कडेवरची पोरं. शिंगाला सात गाठी पडल्या.

लिंबा ओरडला, "अरे, टेकडी मागेच आहे! टेकडीवर चला!"

"पोथीत टेकडी आहे का?" कुशाबाने विचारलं.

"चढत्या पाण्यात कुणी होडी आखूड बांधतं का? गोजरा, तू तरी उतर."

"पोरं बसलीत रे होडीत. त्यांना सोडून कशी येऊ? तूच ये."

लिंबाचं डोकं फिरलं. तो म्हणाला, "बस मग तुझ्या दगडाच्या पाठीवर!" आणि मागे न बघता तो टेकडी चढून गेला.

वरून त्याने पाहिलं. पाणी चढत होतं, होडी चढत नव्हती. मासा जागचा हलेना आणि दोर काही तुटेना. गोजराचाच दोर तो! होडीचं टोक खाली खाली जायला लागलं. लोक मागे सरकले. कुशाबा मंत्र म्हणत होता. एकटी गोजरा पुढे सरकली. टोकावर पालथी पडून, ताठ दोरात हात घालून ती गाठ सोडवायला लागली. पण ताणाने गाठी दगडासारख्या झाल्या होत्या.

मग लिंबाने दातांत कोयता धरला आणि उडी मारली. पोहत होडीपर्यंत आला. तोवर टोक पाण्याखाली गेलं होतं आणि गोजराही गळ्यापर्यंत पाण्यात. लिंबाने एक पदर कापला. दुसरा पदर कापला. तिसरा कापला. उसळी मारून होडी वर आली आणि टेकडीच्या अंगाला जाऊन लागली. सगळे वाचले. सगळे.

फक्त गोजराचं मनगट दोराच्या फेऱ्यात अडकलेलं होतं. दोर खाली गेला, ती त्याच्याबरोबर गेली. लिंबाने तिच्या हाताच्या वरून कापला होता. वीतभर खालून कापला असता तर... पण त्याने बघितलंच नाही. घाई त्याच्या रक्तातच होती.

पाणी ओसरलं. लोक घाटावर आले. कुशाबा म्हणाला, "मासा पावला. जिने गाठीला हात लावला, तेवढीला घेऊन गेला." लोकांनी माना डोलावल्या. माशाला साडीचोळी वाहिली. ज्या पोरांसाठी गोजरा होडीत बसून राहिली, त्यांच्या आयांनीसुद्धा.

मग लिंबा घण घेऊन आला. पायरीवर हौसाआत्या बसली होती. वाडीतली सगळ्यात म्हातारी, डोळ्यांनी आंधळी. गोष्ट पोरांना तीच सांगायची.

"फोड बाबा," ती म्हणाली. "पण गोष्ट पुरी ऐकून फोड. राजाचा दोर कशाचा होता?"

"अंबाडीचा."

"नव्हता. साप होता तो. जिवंत साप. पाणी चढलं की लांबायचा, उतरलं की वेटोळं घालायचा. सापाला कुणी सात गाठी घालतं का रे? ज्याने ही गोष्ट केली तो भोईच असणार. चढत्या पाण्यात दोर सैल सोडा, एवढंच सांगत होता बिचारा. पोरांच्या लक्षात राहावं म्हणून त्याने साप केला, मासा केला. तुम्ही मासा तेवढा खरा धरलात आणि दोर मात्र घरचा आणलात."

लिंबा ओरडला, "मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते की. दर पावसाळ्यात. पण साप शेवटी येतो. तोवर तुम्ही सगळे झोपलेले असायचात. तू तर गोजराच्या मांडीवर, सगळ्यात आधी."

लिंबाने घण घातलाच. शिंगाचा टवका उडाला आणि पाण्यात पडला. मासा तसाच बसून राहिला. त्याला काय होणार, दगड तो.

पुढे वाडी सुखाने नांदली. पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली. श्रावणात अजून दोर वळतात आणि अजून सात गाठी घालतात. एकटा लिंबा घाटावर बसून पोरांना गोष्ट सांगतो. उलटीकडून सांगतो, बरं का. आधी साप, मग मासा.

तर कोण जागं आहे? हुं म्हणा बघू. कुणीच नाही? बाळा, तू तरी?

बरं. झोपा मग. पाय पांघरुणात घ्या.