कागदावर लिहून द्या

धोंडीआप्पा शोरूममधल्या लहान-मोठ्या दोन गाड्या कुतूहलाने न्याहाळत होते. त्यांची गुडघेदुखीने बेजार बायको गौराबाई लहान गाडीत सहज बसली. मोठीत चढवायला मात्र दोघे लागले. तरी मॅनेजर टाय सावरत म्हणाला, "आजोबा, लहान गाडी तुमच्या गावच्या घाटात धापा टाकेल. तुम्हाला त्यातलं काय कळणार? मोठीच घ्या."

"दोन्ही तुमच्याच कंपनीच्या ना?"

"अर्थात!"

"मग लहान गाडी घाट चढत नाही, एवढं कंपनीच्या कागदावर लिहून शिक्का मारा. मोठी आत्ता घेतो."

मॅनेजरने पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. "आजोबा, असं लिहिलं तर माझी नोकरी जाईल हो!"

"मग लहानच द्या," आप्पा हळूच म्हणाले. "तुम्ही नोकरी सांभाळा, मी हिचे गुडघे सांभाळतो."