कोणता रेडिओ घ्यावा

"...मग पाच वॅटचा पुरेल सर, की सहाचाच घ्यावा?"

निरंजन खराडेनं तिसऱ्यांदा विचारलं.

ओगले सर विंडसॉक शिवत होते. वाऱ्याची दिशा दाखवणारी ती लांबट नारिंगी पिशवी एका बाजूनं उसवली होती. त्यांनी दोरा दातानं तोडला, गाठ मारली आणि चाचपून पुन्हा सुई घातली.

कृष्णाकाठच्या त्या लहानशा विमानतळावर ओगले सरांनी एकोणचाळीस वर्षं मुलांना उडायला शिकवलं होतं. आता वय शहात्तर. डोळे अधू झाल्यापासून उडणं बंद झालं होतं, तरी रोज दुपारी ते फ्लाइंग क्लबच्या रेडिओखोलीत येऊन बसत. कुणी काही विचारलं तर सांगत. नाही विचारलं तर टेबलावरच्या सेटमधून येणारे आवाज ऐकत राहत.

निरंजन त्यांचाच विद्यार्थी. कोल्हापुरात त्याची फाउंड्री होती. सहा वर्षांपूर्वी त्यानं खासगी वैमानिकाचा परवाना काढला आणि वर्षभरात स्वतःचं दोन आसनी विमानही घेतलं. माणूस हुशार. पण आपण हुशार आहोत हे समोरच्याला कळेपर्यंत त्याला चैन पडत नसे.

आज तो एक तक्ता घेऊन आला होता. हातात धरायचे सात रेडिओ, त्यांचे गुण, त्यांचे दोष. एक पाण्यात पडला तर तरंगतो. एक उपग्रहावरून वाट दाखवतो. एकाची बॅटरी संपली तर साधे सेल घालता येतात. निरंजननं सगळं वाचून दाखवलं. सरांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की हे आत्ता कशासाठी.

तेव्हा त्यानं मागच्या महिन्यातली गोष्ट सांगितली. बेळगावहून परतताना वाटेत विमानातली वीज गेली. इंजिन चालू होतं, पण समोरचे सगळे दिवे विझले, रेडिओ बंद पडला. तो माइकमध्ये बोलत राहिला. आपण कुठे आहोत, किती उंचीवर आहोत, कुणी आहे का. चाळीस मिनिटं. शेवटी मैदानाभोवती दोन घिरट्या घातल्या, धावपट्टी मोकळी दिसली तसा खाली उतरला.

"कुणालाच ऐकू गेलं नाही, सर."

सरांची सुई थांबली.

"कसं वाटलं?"

निरंजननं तक्त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. माणूस बोलतोय आणि जगात कुणालाच ते पोहोचत नाही, हे फार वाईट, असं काहीतरी तो म्हणाला. म्हणूनच या वेळी चांगला, दमदार रेडिओ हवा.

"एक होता ना तुझ्याकडे? यंदाच घेतलेला."

"हरवला."

सर उठले. कपाट उघडून त्यांनी क्लबचे दोन जुने हातरेडिओ काढले. त्या दिवशी धुरळ्यामुळे उड्डाणं बंद होती, मैदानात कुणी नव्हतं. सरांनी दोन्ही रेडिओ आणि टेबलावरचा मोठा सेट एका वापरात नसलेल्या चॅनलवर लावला. एक रेडिओ निरंजनच्या हातात दिला.

बटण दाबून धरलं की हा फक्त बोलतो, ऐकत नाही, हे ठाऊक आहे ना, असं त्यांनी विचारलं. निरंजनला जरा राग आला. हे तो नव्या मुलांना स्वतः शिकवत असे.

"मी तीन म्हटलं की बटण दाब आणि आपलं नाव सांग," सर म्हणाले. "मीही माझं सांगतो."

एक. दोन. तीन.

दोघं एकदम बोलले.

टेबलावरच्या सेटमधून ना ओगले ऐकू आलं, ना खराडे. आली ती एक किर्रर्र शिट्टी. बारीक, उभी, कानाला टोचणारी. दोघांनी बटणं सोडली तशी ती थांबली.

"काय ऐकलंस?"

निरंजननं अंगठा बटणावरून बाजूला घेतला.

"पुन्हा करू?"

"नको."

त्यानं रेडिओ टेबलावर ठेवला. हात मागे घेतला.

"सर, तो हरवला नाही," तो म्हणाला. "फाउंड्रीत ड्रॉवरमध्ये आहे. बॅटरी काढून ठेवलाय."

मग त्यानं सांगितलं.

गेल्या जानेवारीतली संध्याकाळ. त्याचा नवा रेडिओ त्याच दिवशी आला होता. एका मित्राला तो दाखवायला म्हणून त्यानं मैदानाच्या तारेच्या कुंपणापाशी गाडी उभी केली. या मैदानाला टॉवर नाही. इथे प्रत्येक वैमानिक आपण कुठे आहोत ते रेडिओवर स्वतः सांगतो आणि बाकीचे ऐकून सावध होतात. सगळा कारभार त्या एका चॅनलवर.

मित्रानं विचारलं, याचा आवाज कुठवर जातो? निरंजननं बटण दाबलं. 'रेडिओ चेक' म्हणाला, आणि एकपासून दहापर्यंत आकडे म्हणत गेला. आधी ऐकायचं, चॅनल मोकळा आहे का पाहायचं, मग बोलायचं. पहिल्याच आठवड्यात शिकवलेली गोष्ट. त्या दिवशी त्यानं ती केली नाही.

त्याच दहा सेकंदांत मैथिली सुतार उतरायला आली होती.

मैथिली एकोणीस वर्षांची. विट्याच्या पोस्टमनची मुलगी, शिष्यवृत्तीवर शिकत होती. तिचं ते तिसरं एकटीचं उड्डाण. धावपट्टीच्या तोंडाशी दुसरं विमान निघायच्या तयारीत उभं होतं. त्यातल्या वैमानिकानं तिच्या दिशेनं पाहिलं, पण तिच्यामागे मावळता सूर्य होता. रेडिओत नुसती किर्र वाजली, त्याला वाटलं खरखर असेल. तो धावपट्टीवर आला.

मैथिलीला तो अगदी शेवटी दिसला. तिनं विमान वर खेचलं, बाजूला वळवलं. पंख टेकला आणि विमान शेजारच्या हरभऱ्याच्या रानात जाऊन पडलं.

ती वाचली. उजवा खांदा मोडला.

क्लबच्या समितीनं चौकशी केली. धावपट्टीवरच्या वैमानिकाला हाक ऐकू आली नव्हती, दुसऱ्या कुणालाही आली नव्हती. निष्कर्ष लिहिला गेला, की विद्यार्थिनीनं उतरताना आपली जागा सांगितली नाही. मैथिली पहिले दोन आठवडे म्हणत होती की मी बोलले होते. नंतर तिनं म्हणायचं सोडलं आणि कागदावर सही केली.

"तुला कधी कळलं?" सरांनी विचारलं.

"त्याच रात्री. मी बोलले होते असं ती म्हणतेय, हे कानावर आलं तेव्हा."

"अकरा महिने झाले."

"हो."

रोज वाटायचं उद्या सांगू, निरंजन म्हणाला. मग वाटायचं, आता सांगून तिचा खांदा थोडाच नीट होणार आहे. मग वाटायला लागलं, कदाचित ती खरंच बोलली नसेल. मागच्या महिन्यात विमानातली वीज गेली आणि तो चाळीस मिनिटं बोलत राहिला, तेव्हा त्याला तिचा चेहरा आठवत होता. पण इथे आला तो तक्ता घेऊनच आला.

सर खिडकीपाशी गेले. बाहेर धुरळ्यात धावपट्टी अर्धीच दिसत होती.

"त्या संध्याकाळी मी याच खुर्चीवर होतो," ते म्हणाले. "ती शिट्टी मी ऐकली."

निरंजननं मान वर केली.

"शिट्टी वाजली म्हणजे दोन माणसं एकदम बोलली. एक मैथिली होती, हे मला तेव्हाच कळलं. दुसरा कोण, तेही. कुंपणापाशी तुझी गाडी होती."

"मग तुम्ही समितीला सांगितलं का नाही?"

"मला कुणी विचारलं नाही," सर म्हणाले. मग त्यांनी मान हलवली. "नाही, ते खरं कारण नव्हे. तू आपणहून येशील असं मला वाटलं. माझा विद्यार्थी स्वतःच्या पायांनी येऊन सांगेल. आज येईल, उद्या येईल. माझ्या त्या हौसेपायी ती पोर अकरा महिने खोटी ठरली."

निरंजननं तक्ता चुरगाळून खिशात घातला. आपले गुरू आपल्यापेक्षा मोठे आहेत, हा एवढा एकच आधार तो घरून घेऊन निघाला होता.

रविवारी सकाळी दोघं विट्याला गेले. गाडीत निरंजन मनाशी वाक्यं जुळवत होता. सरांनी डोळे मिटले होते, पण ते झोपले नव्हते.

मैथिली आता एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करत होती, नळ्यांवर पेशंटांची नावं लिहायचं. घराच्या दारात सरांना पाहून ती धावत पुढे आली, वाकून नमस्कार केला. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. आईनं पाणी आणलं. वडील खुर्चीवर अवघडून बसले, इतकी मोठी माणसं आपल्याकडे कशाला आली असतील म्हणून.

निरंजन उभ्यानंच बोलला. जुळवलेलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही. जे झालं ते त्यानं सांगितलं, आणि मी अकरा महिने गप्प बसलो, हेही सांगितलं.

मैथिलीनं त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. त्यानं सांगितलं.

"म्हणजे मी बोलले होते?"

"मी बटण दाबून होतो. मला तुझा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं."

ती सरांकडे वळली.

"बोलली होतीस," सर म्हणाले. "एकट्या आवाजाची शिट्टी होत नाही, बाळ. ती मी ऐकली होती. आणि मीही गप्प बसलो."

मैथिली खाली बसली. डाव्या हातानं ती बराच वेळ उजवा खांदा दाबत राहिली.

"सगळे विचारायचे, नक्की बोललीस का," ती म्हणाली. "शेवटी मी आईला सांगितलं, मीच विसरले असेन. मग लिहून दिलं. आणि नंतर नंतर, सर, मला आठवायलाच लागलं तसं. मी विमानात बसलेय, समोर माइक आहे आणि मी गप्प आहे. रोज तेच दिसतं. आता तुम्ही सांगताय की बोलले होते... पण मला आठवत नाही. मला गप्पच आठवतं."

आई पदर तोंडाशी धरून आत गेली. वडील उठले. आपण हिला घाबरट म्हणालो होतो, शेजाऱ्यांपाशीसुद्धा म्हणालो होतो, एवढं ते भिंतीकडे पाहून बोलले आणि मागल्या दारानं अंगणात निघून गेले.

कुणी भांडलं नाही. निरंजनला वाटत होतं, कुणी तरी शिव्या द्याव्यात.

निघताना मैथिलीनं सरांना पुन्हा नमस्कार केला. निरंजनकडे पाहून तिनं मान हलवली, ओळखीच्या माणसाकडे पाहून हलवतात तशी.

दुसऱ्याच दिवशी निरंजननं समितीला पत्र लिहिलं. खाली सरांनीही आपलं लिहिलं आणि सही केली. समितीला ते अवघड गेलं, पण तिनं निष्कर्ष बदलला. निरंजनला सहा महिने उड्डाणबंदी झाली. त्यानं एका शब्दानं हरकत घेतली नाही. मैथिलीला क्लबनं कळवलं, की तिच्या नावावरचा ठपका काढला आहे, खांदा डॉक्टरांच्या तपासणीत ठीक ठरला तर उरलेलं शिक्षण तिनं पूर्ण करावं, क्लबला आनंद होईल.

तिचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. सुवाच्य अक्षरात, दोन ओळी. कळवल्याबद्दल आभारी आहे. मी येणार नाही.

निरंजननं ते रेडिओखोलीत सरांना वाचून दाखवलं. सरांनी कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला, आणि अक्षरं लागत नव्हती तरी बराच वेळ तसाच धरून ठेवला.

बाहेर एक विमान उतरायला येत होतं. कुणा शिकाऊ मुलाचा घाबरा आवाज सेटमधून आला, आपली जागा सांगून थांबला. दोघांनी तो पूर्ण ऐकला. विमान टेकलं, धावपट्टीवरून बाजूला झालं.

आता निदान रात्री झोप लागते, असं निरंजन म्हणाला. व्हायचं ते होऊन गेलं. तिचं नाव स्वच्छ झालं. ती येत नाही याचं वाईट वाटतं, पण मनातलं सांगून टाकलं ते बरंच झालं.

"ओझं उतरलं, सर."

सरांनी कागदाची घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली.

"उतरलं खरं... कुणाच्या दारात ठेवून आलो आपण?"