राजमातेच्या सुरकुत्या

“मगे तुमी मालकाक सांगतल्यात काय नाय?”

जयराम गावडेनं तोच प्रश्न पुन्हा टाकला. आबा कोचरेकर घरापुढच्या खळ्यात बसून वाळत घातलेली सुपारी हातानं उलटीपालटी करत होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

एके काळी आबांचं नाव ऐकून दशावताराला माणसं लोटायची. आता ते खळ्याच्या पलीकडे फारसे जात नाहीत. पण नाटक कंपनीचा मालक अजून त्यांच्या पाया पडतो, आणि जयरामला आज नेमका तोच आधार हवा होता. आबांनी मालकाला एक शब्द टाकायचा, बस्स.

त्यांच्या कंपनीत बायकांची कामं पुरुषच करत. जयराम त्यातला नावाजलेला. आबांनंतर राणी म्हटली की गावडेच, असं वीसेक वर्षं चाललेलं. पुढे बसलेल्या बाया आख्यान बाजूला ठेवून त्याची साडीची नेसण बघायच्या आणि घरी जाऊन नवऱ्यांना सांगायच्या.

यंदा तुळशीचं लग्न झालं, हंगाम सुरू झाला आणि मालकानं आज सकाळीच निरोप धाडला. आज जत्रेला राणी दिगू करणार, तू राजमाता कर. पटत असेल तर संध्याकाळी देवळात ये. नसेल पटत तर तसं कळव, दुसरा माणूस बघतो.

दिगू जयरामच्याच हाताखाली तयार झालेला. साडीच्या निऱ्या कशा धरायच्या, लाजताना मान कुठवर वळवायची, सगळं यानंच शिकवलेलं. त्यामुळे ते जरा जास्तच झोंबलं.

“काय सांगू तेका?” आबांनी विचारलं.

“सांगा, जयराम अजून राणी करूक शकता. दोन वर्षां तरी.”

“शकतंस?”

“शकतंय.”

“भुवई कोण काढता तुजी?”

जयरामचा हात नकळत भुवईकडे गेला.

हे आबांना कुणी सांगितलं, देव जाणे. चष्मा लावला तर काचेखाली पेन्सिल जात नाही, काढला तर आरशात भुवईच दिसत नाही. गेल्या वर्षापासून ही फजिती चाललेली. जयरामनं कुणाला कळू दिलं नव्हतं, असं निदान त्याला वाटत होतं.

“दिगू काढता,” तो शेवटी म्हणाला.

आबा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

“घराकडे कसा काय?”

“कसा असतला? आवस अंथरुणार. माका, पोटच्या पोराक, वळखता कधी, कधी नाय. चेडू कोल्हापुराक गेला शिकाक, सोमवारी एसटीत बसवन इलंय. डॉक्टर म्हणता साखर वाढली, भात सोड. बायल म्हणता नाटक सोड. उठल्यापासून सगळ्यांका मीच होयो. औषध हाड, पंप दुरुस्त कर, आवशीक कुशीवर वळय...”

 मग जे बोलायला आला नव्हता तेही बोलून गेला.

“ती राणी तेवढी माजी होती, आबा. थंय माका कोण काय मागणा नाय.”

आबांनी एक सुपारी उचलली, नखानं टोकरून बघितली, परत ठेवली.

“तुका राणी दिली, तेव्हा मी केवढो होतंय?”

जयरामनं मनात हिशेब मांडला. उत्तर काही त्याला आवडलं नाही.

“माज्याएवढे.”

“हं.”

“तुमका तेव्हा वायट नाय वाटला?”

“वाटला. त्या हंगामात मी तुज्याशी बोलूक नाय.”

 जयरामला त्या वर्षीचं सगळं आठवत होतं. हिरवी साडी, पहिली टाळी, आबांनी स्वतःच्या हातानं लावून दिलेला अंबाडा. गुरूनं काय आनंदानं सगळं दिलं, असं तो आजवर लोकांना सांगत आला होता. आणि हा माणूस म्हणतो, बोललो नाही.

“माका कळलाच नाय.”

“तरणो होतंस.”

...

खळ्यातलं ऊन सरकून पडवीच्या पायरीवर आलं होतं. जयरामची चुळबुळ सुरू झाली. संध्याकाळ व्हायला आता फार वेळ नव्हता, आणि आबांकडून होय नाही की नाही नाही. असल्या माणसाकडे गरज घेऊन यावं लागतं, हेच वाईट.

“पेटी हाडलंस?” आबांनी विचारलं.

“हाडलंय. बाहेर सायकलीर आसा.”

“घेवन ये. म्हातारी करून दाखय.”

“आता? हयसर?”

“फसली, तर मालकाक सांगतंय. म्हणतंय, ह्येका म्हातारी जमणा नाय, राणीच दी.”

“आणि जमली तर?”

“जमली तर जमली.”

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी शहाणा माणूस काय करील? सोंग मुद्दाम बिघडवील. चार फराटे मारील, दोनदा खोकेल, आणि गुरूचा शब्द खिशात घालून घरी जाईल. जयरामही पेटी आणायला जाताना अगदी हेच ठरवून गेला. बेत चांगला होता.

पण पेटी उघडली, आरसा पडवीच्या खांबाला टेकवला, रंगाचा वास नाकात गेला आणि बेत तिथेच संपला. नटाला वाईट काम करायला सांगून बघा, त्याला ते जमतच नाही. आबांना हे ठाऊक होतं की काय, कोण जाणे.

त्यानं आधी चेहरा फिका केला. मग काळी पेन्सिल घेतली. कपाळावर आडव्या रेघा ओढल्या, डोळ्यांच्या कडांना बारीक जाळं विणलं, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत दोन खोल चर काढले. या कामाला चष्मा लागला नाही. हात आपोआप जागेवर जात होता, आणि जरा थरथरला तरी शोभून जात होतं. गाल बोटानं काळवंडले, ओठ पुसट केले. पेटीतलं पांढरं पातळ डोक्यावरून घेतलं. कोपऱ्यातली काठी उचलली.

कमरेत वाकून तो खळ्यात उतरला. दोन पावलं टाकली, खोकला, काठीवर भार दिला. आणि मग, रंगमंचावरच्या त्या शुद्ध, भारदस्त मराठीत, थरथरत्या आवाजात तो बोलला,

“जा, बाळा. या वृद्ध मातेची चिंता करू नकोस. रणांगणात तुझी तलवार तळपली, की माझ्या पिकल्या केसांचं सार्थक झालं.”

दशावतारात संवाद कुणी लिहून देत नाही, उभ्या उभ्या सुचावे लागतात. हा झकास सुचला होता. लढाईला निघालेल्या राजाला त्याची आई निरोप देते, ती जागा. टाळी पडणार होतीच.

त्यानं हळूच आबांकडे बघितलं. म्हातारी फसली म्हणावं, असंही वाटत होतं. आणि खरंच फसली म्हणाले असते, तर त्यानं आबांना जन्मात माफ केलं नसतं.

“इतक्यो रेघो कशाक मारलंस?” आबा म्हणाले.

“म्हातारी दिसाक नको?”

“मेल्या, खरा सांग.”

“खराच सांगतंय. राजमाता म्हणजे...”

“खरा सांग.”

...

जयरामनं काठी हातात घट्ट धरली. कुंपणापलीकडून कुणाची तरी मोटरसायकल गेली. सुपारीवर बसलेल्या माश्या उठल्या, परत बसल्या.

“रेघो मारलंय म्हणजे लोकांका कळात,” तो म्हणाला, “ह्यो काढलेल्यो आसत. आतलो जयराम तसो नाय.”

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. इतके दिवस हे मनात कुठे होतं, कुणास ठाऊक. पण होतं खरं. लोकांनी म्हणावं, बघा, केवढा तरणाबांड नट आणि कशी हुबेहूब म्हातारी झालाय. तेवढं जरी म्हणाले तरी राजमाता करायला त्याची हरकत नव्हती. मालकाशी भांडण होतं ते एवढ्यासाठीच.

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. घरात गेले आणि खोबरेलाची वाटी घेऊन आले. खांद्यावरच्या पंच्याचं टोक तेलात बुडवलं.

“खाली बस.”

जयराम पायरीवर बसला. आबांनी त्याची हनुवटी धरली आणि पुसायला सुरुवात केली. आधी कपाळ, मग डोळ्यांच्या कडा, मग ओठांचे कोपरे. सावकाश, लहान पोराचं तोंड पुसावं तसं. वीस वर्षांत आबांनी त्याच्या तोंडाला हात लावला नव्हता. पंचा काळा झाला, मग दुसरं टोक काळं झालं. शेवटी पंच्याला काही लागेना, तेव्हा ते थांबले.

त्यांनी आरसा उचलून त्याच्यासमोर धरला.

जयरामनं बघितलं. मग चष्मा लावून पुन्हा बघितलं.

कपाळावरच्या आडव्या रेघा जागच्या जागी होत्या. डोळ्यांच्या कडांचं जाळं होतं. नाकापासून ओठांपर्यंतचे दोन चर होते. पेन्सिल जिथून जिथून फिरली, ती वाट आधीच पडलेली होती. नुसती गिरवली होती त्यानं.

“आबा, ह्यो जावक नाय,” तो म्हणाला.

“त्यो रेघो तू मारूक नाय.”

...

आबांनी त्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि खांबाला लावून ठेवली.

“आता म्हण.”

“काय?”

“पोरगो लढायेक चललो. म्हण.”

जयराम उभा राहिला. काठी नाही, कमरेत वाक नाही, तोंडावर तेलाची चकाकी. समोर राजा नव्हता, लांबवर वाळत घातलेली सुपारी होती. त्यानं श्वास घेतला.

“जा, बाळा...”

पुढचं येईना.

तलवार आठवली, रणांगण आठवलं, पिकले केसही आठवले. एकाही शब्दाला तोंडातून बाहेर पडावंसं वाटेना. डोळ्यांपुढे येत होती ती सोमवारची एसटी. खिडकीत कोल्हापूरला निघालेली त्याची मुलगी बसलेली, मांडीवर पिशवी, नवीन चप्पल. ती तिकडे मैत्रिणीशी बोलत होती, आणि हा खाली उभा राहून कंडक्टरकडे बघत होता.

“जा, बाळा,” तो पुन्हा म्हणाला, आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, “पोचलंस काय फोन कर.”

राजमातेनं लढाईवर निघालेल्या राजाला फोन कर म्हणून सांगावं, हे दशावतारातसुद्धा खपण्यासारखं नाही. पण खळ्यात कुणी हसलं नाही. जयरामला रडू आलं. थोडंसंच आलं, पण आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही. तो पायरीवर बसला आणि तेलकट तोंड दोन्ही हातांत धरून राहिला.

आबा परत सुपारीपाशी जाऊन बसले होते.

बऱ्याच वेळानं जयराम उठला. रंग पेटीत ठेवले, पातळाची घडी केली, पेन्सिलीला टोपण घातलं. पेटी सायकलच्या कॅरेजला बांधताना दोरीची गाठ एकदा सुटली, ती त्यानं पुन्हा बांधली. ऊन उतरलं होतं. देवळाकडून कुणीतरी मृदंगावर हात साफ करत असल्याचा आवाज येत होता.

सायकल हातात धरून तो खळ्याच्या टोकाशी थांबला.

“आबा.”

“हं.”

“मालकाक काय सांगू?”

आबांनी मूठभर सुपारी पसरून दिली.

“सांग, म्हातारी इली.”