वादळस्वाराला काका आठवतात का?

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. “मठीतलं बोलणं मठीत राहू दे, मृणू,” असं मठीत राहून प्रवचनं करणाऱ्या माई म्हणाल्या होत्या आणि मी मान हलवली होती. पण वर्गात सगळ्या जणी ‘वादळस्वार’ मालिकेवरून भांडतात तेव्हा मला गप्प बसवत नाही. भांडायला मला जमत नाही. म्हणून लिहिते आहे.

“म्हणजे माणसानं कधी बदलूच नये का, माई?”

पाहुण्यांनी हे विचारलं तेव्हा मी मठीच्या ओसरीवर भूगोलाचा नकाशा रंगवत होते. आई मठीत स्वयंपाकाला असते, त्यामुळे शाळा सुटली की मी टेकडी चढून तिथेच जाते.

“मी कुठं असं म्हणाले?” माई म्हणाल्या. “मी तर नुसतं ‘बस’ म्हणाले.”

पाहुणे बसले. पँटला धूळ लागू नये म्हणून त्यांनी आधी रुमाल अंथरला.

सुहृद केळुसकर त्यांचं नाव. नाव ऐकलं आणि माझा निळा रंग समुद्राच्या बाहेर गेला. वादळस्वार लिहितात ते हेच. दर भागाच्या सुरुवातीला त्यांचं नाव येतं.

“तुझं काय लिहिणं असतं, बाळा?” माईंनी विचारलं. मठीत टीव्ही नाही.

“एक महावीर आहे, माई. दिवसा लिफ्ट दुरुस्त करतो. वादळ आलं की उडतो. लोकांना वाचवतो.”

“उडताना अंगावर काय घालतो?”

“निळा पोशाख. खांद्यावर केप असते.”

“केप म्हणजे?”

“म्हणजे... मागे लांब कापड सोडलेलं असतं.”

“वाऱ्यात ते तोंडावर येत नाही होय रे त्याच्या?”

मला हसू आलं. मी नकाशाच्या आड तोंड लपवलं. केळुसकर हसले नाहीत.

“लोक माझ्यावर चिडलेत, माई. म्हणतात, मी वादळस्वाराची वाट लावली. पूर्वी तो असा नव्हता, आता असा का वागतो? अहो, माणसं बदलतात! खरीखुरी माणसं तर रोज बदलतात. तुम्हीच मागे प्रवचनात म्हणाला होतात, माणूस म्हणजे वाहतं पाणी. मी तिथे होतो. मला तेच तुमच्या तोंडून पुन्हा हवंय.”

“कशाला?”

त्यांनी मोबाइल उलटा करून जमिनीवर ठेवला.

“माझ्या मुलीला सांगायला.”

माईंनी शेंगदाण्यांची आणि गुळाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

मग केळुसकरांनी सगळं सांगितलं. मला ते माहीत होतं, तरी त्यांच्या तोंडून ऐकताना वेगळं वाटलं.

मालिकेत गणूकाका नावाचे वॉचमन होते. वादळस्वार कोण आहे हे फक्त त्यांना ठाऊक होतं. त्याचा पोशाख ते आपल्या पत्र्याच्या ट्रंकेत लपवायचे. तो दमून आला की आपल्या डब्यातली भाकरी त्याला द्यायचे. सुरुवातीच्या भागांत वादळस्वार पुरात अडकलेल्या एका कुत्र्यासाठीसुद्धा परत फिरला होता. पण मागच्या महिन्यात बोगद्यात पाणी भरलं, काका आत अडकले, आणि तो म्हणाला, “मला वेळ नाही.” आणि उडून गेला.

“का गेला?” माईंनी विचारलं.

“काकांचं काम करणाऱ्या नटाला दुसरीकडे काम मिळालं. मला एका दिवसात काकांना संपवायचं होतं. शिवाय चॅनेलला नायक जरा कठोर हवा होता.”

“ही तुझी कारणं झाली. त्याचं काय कारण?”

“त्याचं... असं काही वेगळं नव्हतं.”

“बरं. मग पुढं?”

“पुढच्या भागात लग्न होतं. तो तिथे नाचतो.”

“काकाचं तेरावं तरी केलं का रे कुणी?”

या वेळी मी हसले नाही.

केळुसकर खाली बघत होते. “ऋता नऊ वर्षांची आहे,” ते म्हणाले. “तिने मला विचारलं, बाबा, वादळस्वाराला काका आठवतात का? मी म्हटलं, अगं, ती गोष्ट आहे. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे हो म्हणते, नाही म्हणते. पण बोलत नाही. आणि परवा ती झोपताना आईला विचारत होती... बाबा पण असं करतील का?”

आतून आईच्या फोडणीचा आवाज आला.

“मला फक्त एवढं सांगा की मी चुकीचं लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. “माणूस बदलतो, हे खरं आहे ना?”

“खरं आहे,” माई म्हणाल्या.

केळुसकरांचे खांदे सैल झाले. त्यांनी पहिल्यांदा एक शेंगदाणा उचलला.

“बाळा, मागच्या रांजणातून तांब्याभर पाणी आण. मग निवांत बोलू. आज जेवूनच जा. हिची आई झुणका फार छान करते.”

ते उठून गेले. माईंनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

केळुसकर तांब्या घेऊन आले तेव्हा माई ताठ बसल्या होत्या. वाटी त्यांनी आपल्या मागे ठेवली होती.

“आपण कोण?”

“माई... पाणी.”

“न विचारता आत कसे आलात?”

ते हसले. माईंचा चेहरा हलला नाही. त्यांचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग गेलं.

“माई, मी सुहृद. आत्ता आपण बोलत होतो...”

“मी तुम्हाला ओळखत नाही. आमची जेवायची वेळ झाली आहे. आपण निघा.”

मी माईंना इतकी वर्षं बघते आहे. माळ्यावर मांजर व्याली तेव्हा तिला त्रास नको म्हणून त्यांनी तिथलं सामान हलवू दिलं नव्हतं. त्या कुणाला ‘निघा’ म्हणालेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. त्यांनी बोट ओठांवर ठेवलेलं मी पाहिलं होतं, तरी मी नकाशा बाजूला सारला.

केळुसकर माझ्याकडे वळले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “बाळ, माईंना विसरायला होतं का? काही औषध वगैरे...?”

मी मान खाली घातली.

तांब्या त्यांच्या हातातच होता. थोडं पाणी त्यांच्या पायावर सांडलं.

“माझं काही चुकलं का?” ते माईंना म्हणाले. “मी रुमाल अंथरला म्हणून का? तो मी... सवयीनं अंथरला. की प्रवचनाचं बोललो म्हणून? तुमचं वाक्य मी माझ्या सोयीनं वापरायला निघालो, म्हणून रागावलात?”

माई दाराकडे बघत राहिल्या.

“काहीतरी असेल ना, माई. उगाच कोणी असं करत नाही. मघाशी तुम्ही मला बाळा म्हणालात!”

...

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मला तेव्हा ऐकू आला. एरवी येत नाही.

मग माईंनी मागे हात घालून वाटी काढली आणि पुढे सरकवली.

“ये बाळा, बस. गूळ घे. चढ चढून दमला असशील.”

केळुसकर बसले नाहीत.

“घे की रे.”

त्यांनी हात पुढे केला. तो वाटीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. माझं चित्र काढताना लक्ष हातांकडेच जातं, म्हणून मला दिसलं. बोटं गुळाला लागलीसुद्धा नाहीत.

“माई... मघाशी...”

“मघाशी काय?”

“मघाशी तुम्ही मला हाकललंत.”

“हो? असेल. माणसं बदलतात.”

माई हे अगदी मायेनं म्हणाल्या. म्हणूनच बहुधा केळुसकरांना जास्त लागलं. त्यांनी हात मागे घेतला. तांब्या हळूच खाली ठेवला आणि रुमाल न घालता तिथेच फरशीवर बसले.

आई पदराला हात पुसत दारात आली, आमच्याकडे पाहिलं, आणि पान वाढायचं की नाही ते न विचारताच आत गेली.

“आता तुम्ही प्रेमानं बोलताय,” केळुसकर म्हणाले, “पण मला आता... भीती वाटतेय, माई.”

“कशाची?”

“पुढच्या वेळी मी पाणी आणायला गेलो तर...”

त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते फार लहान दिसत होते, आमच्या वर्गातल्या कुणाच्यातरी मोठ्या भावासारखे.

“शेवटचे भाग लिहायचे राहिलेत,” ते म्हणाले. “काकांसाठी काहीतरी लिहितो मी. तो नट येणार नाही, पण त्याच्याशिवायही करता येईल. तो बोगदा आहे, ट्रंक आहे...”

“लिही.”

“चॅनेल नको म्हणेल.”

“म्हणू दे.”

“पण ते भाग यायला वेळ लागेल, माई. ऋताचं काय? मी आज घरी जातोय. तिला काय सांगू?”

माईंनी वाटीतला गुळाचा खडा उचलला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली नाही, पण हात मागेही घेतला नाही.

“घराची किल्ली असते तुझ्याकडे?”

“असते.”

“आज ती काढू नकोस. बेल वाजव. आणि लेकीनं दार उघडेपर्यंत बाहेर थांब.”

केळुसकर उठले. चपला घालताना त्यांची नजर माझ्या नकाशावर गेली, मग माझ्यावर. “तूही बघतेस का गं ती मालिका?” त्यांनी विचारलं. मी अनोळखी माणसांशी बोलत नाही. पण त्या दिवशी मी बोलले. मी त्यांना म्हटलं, तुम्ही जर शेवटच्या भागात वादळस्वाराला परत त्या बोगद्यात पाठवणार असाल, तर त्याला उडत नका पाठवू, त्याला तिथे चालत जाऊ द्या—

“मृणू! ए मृणू! पुरे झालं लिहिणं. ये इकडे.” आई हाक मारते आहे.