रिकाम्या हाताची हाक

"कुत्री एकदा शिकली म्हणजे शिकली ना, बाबा? मग जन्मभर का भरवायचं तिला?"

रंगराव खाडे तकियाच्या, फकिराच्या मठीच्या, ओट्यावर बसला होता. आवाज चढलेला, डोळे तारवटलेले.

समोर गुलाबबाबा मटणाचे वाटाण्याएवढे तुकडे करत होते. फकिरी घेण्याआधी त्यांनी उभी हयात पोलिसांची कुत्री शिकवण्यात घालवली. रंगराव त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. कुत्र्यानं सांगितलेलं केलं, की त्याच क्षणी पत्र्याची टिकटिकी वाजवायची आणि पाठोपाठ घास द्यायचा... बाबांची विद्या म्हणाल तर एवढीच.

"तुझ्या लाखीला काय देत होतास?"

"पहिलं वर्ष मटण. मग कोरडी भाकरी. पुढं..." रंगराव अडखळला. "पुढं नुसती टिकटिकी. तरी यायची की! स्पर्धांत तीन ढाली जिंकल्या मी. लोक म्हणायचे, रंगरावाची कुत्री आवाजावर जगते."



रंगरावाच्या डोळ्यांपुढून तो हमरस्ता हलत नव्हता. गेल्या मंगळवारी लाखी सशामागं धावत पलीकडं गेली. परत फिरली, रस्त्याच्या मधोमध आली, आणि वळणावरून ट्रक आला. रंगरावानं जीव खाऊन टिकटिकी वाजवली होती.

"ऐकलंच नाही तिनं. बेइमान निघाली."

"ऐकलं नाही?"

"...ऐकलं. थांबली."

"मग?"

"माझ्याकडं बघितलं." रंगरावानं आपला तळवा उघडला. "माझ्याकडं नाही, बाबा... हाताकडं. हातात काय आहे ते बघत उभी राहिली... आणि तेवढ्यात..."

बाबांची सुरी चालूच राहिली.

शेवटी रंगरावानं उपरण्यानं तोंड पुसलं. "दुसरं पिल्लू द्या, बाबा. या खेपेला माझ्याकडून कसूर होणार नाही."

बाबांनी अंगणाकडं बोट केलं. तिथं एक तांबूस पिल्लू मातीत लोळत होतं.

"बोलाव."

रंगरावानं टिकटिकी वाजवली. पिल्लानं कान टवकारले आणि धडपडत, कोलांट्या खात ते ओट्यापाशी आलं. रंगरावानं हात पुढं केला. पिल्लानं तळवा हुंगला, चाटला, पुन्हा हुंगला... आणि शेपटी हलवत समोर बसून राहिलं.

मटणाचं ताट हातभर अंतरावर होतं. रंगरावाचा हात तिकडं गेला नाही.

"आलं! बघा, पहिल्याच आवाजाला आलं!" कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला. "हेच द्या मला."

बाबांनी पिल्लाला उचलून मांडीवर घेतलं. एक तुकडा त्याच्या तोंडात घातला.

"हे नाही, बेटा... याला अजून टिकटिकी खरी वाटते."