मोऱ्याची घुंगुरमाळ

माळावर अजून कुंपणं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. शर्यतीत पाखऱ्या आणि मोऱ्या या बैलांच्या जोडीपुढे कुणाची गाडी टिकत नसे. सुटताना मोऱ्या मान हलवायचा, त्याची घुंगुरमाळ वाजली की दोघे एकदम उसळायचे. पुढे मोऱ्या म्हातारपणाने गेला आणि त्याच्या जागी तरणाबांड हरण्या आला.

तेव्हापासून गाडी तिरकी पळू लागली. हरण्या सुसाट निघायचा आणि पाखऱ्या क्षणभर अडायचा. "पाखऱ्या संपला," असं गोठ्यातल्या गाईसुद्धा बोलू लागल्या.

एकदा पाणी पिताना हरण्याने चिडून विचारलं, "दादा, सुटताना तुझं लक्ष असतं तरी कुठं?"

पाखऱ्याने पाण्यातून तोंड वर काढलं. "त्याची घुंगुरमाळ वाजते का ऐकतो. वाजणार नाही, हे ठाऊक आहे रे. पण त्याशिवाय पाय उचलतच नाहीत."

"मग मी हलवू माझी?"

"नको. ती तुझी आहे, तुझ्यासारखीच वाजेल."

पुढच्या शर्यतीत इशारा झाला आणि बाकीच्या गाड्या धुरळा उडवत निघाल्या. गाडीवान ओरडत होता, तरी हरण्या पाखऱ्याला खेटून उभाच राहिला. पाखऱ्याने कान टवकारले. घुंगुरमाळ वाजली नाही. आपल्यासाठी शेजारी कुणीतरी थांबलंय, एवढं मात्र त्याला कळलं.

"चल," तो म्हणाला.

गाडी सगळ्यांत शेवटी पोहोचली. गाडीवानाने कपाळावर हात मारून मागे पाहिलं आणि तो बघतच राहिला. धुळीत उमटलेली चाकोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती.