पिल्लाची झोपायची जागा

"सून बरी आहे हो, पण बोलते कशी, चोचीत किडा धरल्यासारखी!" सासू पलीकडच्या फांदीवर म्हणाली, आणि नव्या सुनेने ते ऐकलं.

फार जुनी गोष्ट. सातभाई पक्ष्यांचा तो थवा ओरडूनच बोलायचा. गाणं कुणालाच येत नव्हतं, म्हणून दयाळ पक्ष्याची अंगाई पाठ करून म्हणायला एक मैना ठेवली होती. सून दयाळाच्या शेजारीच वाढलेली. अंगाई तिच्या ओळखीची.

"मधलं हळू म्हटलेलं ऐकूच येत नाही गं," सासूने मैनेला बजावलं. "सगळं सारखं मोठ्यानं म्हण!"

मैना तसं म्हणू लागली आणि सुनेच्या जावेचं पिल्लू झोपेना. चारा घेईना, मान टाकू लागलं. जागून जागून सगळा थवा पेंगुळला.

"हिच्या गाण्यात दमच नाही," सासरे मैनेवर उखडले. "चालू लाग!"

पुढे ओरडायला कुणात त्राण उरलं नव्हतं, म्हणून सुनेचा आवाज ऐकू आला.

"मामंजी, तिला घालवू नका. मूळ गाण्यात आवाज मध्येच विरत जातो. पिल्लं तिथेच झोपतात. ती जागा आपण भरून टाकली."